नाव नसलेली पाती

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाला हरवले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जॉर्ज पिअर्सन नावाच्या डॉक्टरने हिंदुस्थानी पोलादावर एक निबंध वाचला. हे पोलाद मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट याने आदल्या वर्षी सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले होते. बँक्सनी त्यातला एक तुकडा स्टोडार्ट या नामांकित कारागिराला दिला. वस्तरे आणि शल्यक्रियेची हत्यारे घडवण्यात तो निष्णात होता. स्टोडार्टने त्या पोलादाचा लेखणी तासायचा एक चाकू घडवला. हाताच्या मुठीत मावेल एवढी ती वस्तू, पण तिच्या धारेने तो इतका भारावला की पुढे पंचवीस वर्षांनी मायकेल फॅरेडेबरोबर त्याच पोलादाचे रहस्य शोधायला बसला.

खर्ड्याची लढाई आपल्याला शाळेत शिकवतात. त्या चाकूबद्दल कोणी बोलत नाही. दख्खनच्या लोखंडाचा इतिहास आपण नेहमी तलवारीच्या अंगाने लिहिला आहे. धोप, दांडपट्टा, कट्यार यांची चित्रे, त्यांच्या मुठींचे नमुने, त्यांच्यावर कोरलेली नावे यांची पुस्तके निघाली आणि संग्रहालयांत दालने उभी राहिली. पण तलवार उपसायची वेळ एखाद्याच्या आयुष्यात दोनदा येत असेल, तर विळा, खुरपे, चाकू, वस्तरा आणि अडकित्ता रोज हातात येत होते. या रोजच्या पात्यांचा आणि ती घडवणाऱ्यांचा इतिहास मराठवाड्यात कोणी सलग लिहिलेला माझ्या वाचनात नाही. हे पुस्तक त्यासाठी आहे, आणि ते छत्रपती संभाजीनगरात बसून लिहिले असले तरी त्याचा पसारा नांदेडपासून जामखेडपर्यंत जातो. लोहार काही जिल्ह्याच्या हद्दी पाहून फिरत नव्हता.

सुरुवात पोलादापासूनच करायला हवी. निजामी हैदराबाद संस्थानात कोनासमुद्रम नावाचे गाव होते. आज ते तेलंगणच्या निजामाबाद जिल्ह्यात येते, म्हणजे आपल्या नांदेडच्या अगदी शेजारी. तिथल्या भट्ट्यांत मातीच्या मुशीत लोखंड घालून, मूस बंद करून, तासन्‌तास तापवून पोलादाचे छोटे गोळे काढले जात. हेन्री व्हॉयसे या इंग्रज भूवैज्ञानिकाने हे काम डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली ते छापले गेले. इराणचे व्यापारी तिथे येऊन राहत आणि माल पारखून घेत, असे त्यात आहे. या गोळ्यांत कर्ब खूप, शंभरात दीडच्या आसपास. असे पोलाद जास्त तापवून ठोकले की त्याचा भुगा होतो. स्टोडार्टने तो चाकू अंधारात जेमतेम लाल दिसेल एवढ्याच उष्णतेवर घडवला, असे पिअर्सनने नोंदवले आहे. लंडनच्या कारागिराला जे प्रयोगाने समजले, ते आमच्याकडच्या लोहाराला बापाच्या ओरडण्याने समजलेले असे: कमी तापव, पोळेल.

मग एक साधा प्रश्न उभा राहतो, आणि या पुस्तकाच्या मुळाशी तोच आहे. पोलाद होते, हात होते, गिऱ्हाईक होते. तरी मराठवाड्यात शेफिल्ड का उभे राहिले नाही?

शेफिल्डची गोष्ट थोडक्यात सांगतो. त्या गावाला डोंगरातून उतरणाऱ्या पाच नद्या. प्रत्येक नदीवर पाणचक्क्या आणि त्या चक्क्यांवर फिरणारी धारेची दगडी चाके. घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. १६२४ साली तिथल्या चाकूकारांची रीतसर संस्था झाली आणि प्रत्येक कारागिराला स्वतःची खूण नोंदवावी लागू लागली. जोसेफ रॉजर्स या घराण्याची तारा आणि क्रूस ही खूण १६८२ ची. दोनशे वर्षांनी तीच खूण असलेले चाकू हिंदुस्थानच्या बाजारात भक्कमपणे बसले होते.

पाणचक्की आपल्या शहरातही आहे. मलिक अंबरने आणलेल्या नहरींची परंपरा पुढे चालवत अठराव्या शतकात बांधलेली ही चक्की पीठ दळत असे. तिच्या पाण्यावर धारेचा दगड फिरला नाही, कारण तशी गरज कुणालाच नव्हती. लोहार हा बलुतेदार. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली छापलेल्या ‘गावगाडा’त बलुत्यांचा आणि गावोगाव फिरणाऱ्या जातींचा जो तपशील दिला आहे, तो आजही मुळातून वाचावा असा आहे. लोहाराने वर्षभर फाळ, विळे, खुरपी शेवटून द्यायची आणि सुगीला खळ्यावरून आपले धान्य न्यायचे. जो माणूस आपल्या शेतकऱ्याला ओळखतो आणि शेतकरी त्याला, त्याने पात्यावर नाव कशाला ठोकावे? खूण लागते ती अनोळखी गिऱ्हाइकासाठी. माझ्या मते शेफिल्ड आणि मराठवाडा यांतला फरक कसबाचा नव्हता, ओळखीचा होता. आमच्याकडचे पाते नाव नसताना चालले, कारण ते घडवणारा चार घरे पलीकडे राहत होता.

गावच्या लोहाराशिवाय दुसरे हात होते घिसाडी लोकांचे. बैलगाडीत संसार, गावाबाहेर पाल, रस्त्याकडेला खड्डा खणून पेटवलेली भट्टी. आज महाराष्ट्रात घिसाडी भटक्या जमातींच्या यादीत आहेत. त्यांच्याकडचे काम मी अनेकदा बसून पाहिले आहे आणि ते सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण पुढची सगळी प्रकरणे याच कामावर उभी आहेत.

कच्चा माल म्हणजे ट्रकच्या कमानीचा पाटा. भंगारवाल्याकडून तो किलोवर मिळतो. या पोलादात कर्ब शंभरात अर्ध्या-पाऊणच्या मधला, शिवाय सिलिकॉन. म्हणजे धार धरणारे आणि लवचीकही. इमारतीची सळई इथे चालत नाही. तिच्यात कर्ब इतका कमी की पाणी दिले तरी ती धार धरण्याइतकी कठीण होत नाही. जालन्याच्या भट्ट्यांतून रोज ढिगाने सळई निघते, पण लोहार तिला कोयत्यासाठी हात लावत नाही. पाटा लालभडक झाला की नवरा सांडशीने तो ऐरणीवर धरतो, छन्नी टेकवतो, आणि बायको घण घालते. होय, घण बाईच्या हातात असतो. साडीचा काचा मारून, पाय रोवून, डोक्यावरून घण आणून ती नेमका छन्नीवर पाडते. नवऱ्याच्या हातातली लहान हातोडी घाव कुठे पडायचा ते फक्त दाखवते. भात्यापाशी पोर. एकेक घाव दोघांच्या श्वासावर चालतो; मध्ये शब्द नसतो.

पाते आकाराला आले, कानसीने धार काढली, की मग पाणी द्यायचे. या एका क्षणात सगळी विद्या आहे. पाते पुन्हा लाल करून फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतात, पाठ गरमच ठेवतात. बाहेर काढून धार वाळूवर घासली की पांढरा पट्टा चमकतो. पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि त्या चमकत्या पट्ट्यावर रंग चढत जातात: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. कोणत्या रंगावर पाते पुन्हा पाण्यात टाकायचे ते त्या पात्याच्या कामावर ठरते. वस्तऱ्याला पिवळ्यावरच थांबावे लागते. कोयत्याला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यावे, कारण तो उसाच्या बुडख्यावर आणि कधी दगडावरही आपटणार. रंग यायच्या आत टाकले तर धार ठिसूळ होते आणि कपचे उडतात. उशीर झाला तर धार वळते. भट्टी सावलीत का असते, याचे उत्तर यात आहे. उन्हात रंग दिसत नाहीत.

शहरातल्या चाकूची कथा वेगळी आहे. दौलताबाद आणि खुलताबादच्या दरम्यान कागजीपुरा हे गाव आहे. हाती कागद बनवण्याची तिथली परंपरा मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला हलवली तेव्हाच्या कारागिरांशी जोडली जाते. जिथे कागद तिथे दौत, जिथे दौत तिथे बोरू, आणि बोरू तासायला चाकू. औरंगजेबाच्या काळात या शहरात दप्तरे होती, निजामाच्या काळात सुभ्याची कचेरी होती, देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत मोडीच्या फडावर कारकून होते. त्या प्रत्येकाच्या कलमदानात एक छोटा चाकू. मिटणाऱ्या चाकूचे आपल्याकडचे खरे मूळ या कलमदानात आहे, असे मला ठामपणे वाटते. त्याच्या पात्याला रुंदी नको, लांबी नको. सरळ धार आणि बारीक टोक हवे. बोरूचा तिरका काप एका ओढीत गेला पाहिजे, नाहीतर कडा फाटते. मग टोकाला उभी चीर द्यायची आणि शेवटी टोक हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या तुकड्यावर ठेवून कट्‌कन छाटायचे. तो आवाज स्वच्छ आला तर अक्षर स्वच्छ.

१९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आपल्या शहरावरून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादवरून सुरू झाली आणि विलायती मालाला सरळ वाट मिळाली. शेफिल्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे चाकू स्वस्त होते, एकसारखे होते, आणि त्यांवर नाव होते. त्यापाठोपाठ टाक आले, मग फाउंटन पेन, बोरूच संपला. न्हाव्याच्या धोकटीतला देशी वस्तराही विलायती वस्तऱ्यापुढे मागे हटला, आणि नंतर दाढीच्या ब्लेडने दोघांनाही घरी बसवले. या काळाबद्दल मी थोडक्यातच लिहिले आहे. ऱ्हासाच्या कथा सगळीकडे एकसारख्या असतात. त्यापेक्षा जे टिकले ते का टिकले, हे जास्त शिकवते.

अडकित्ता टिकला. सुपारी कातरायला विलायतेत कोणी यंत्र बनवत नव्हते, म्हणून हे एक क्षेत्र पूर्ण आपल्या कारागिरांच्या हाती राहिले. जामखेडचा अडकित्ता हे नाव नगर-बीड पट्ट्यातल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. जामखेड म्हणजे खर्ड्याचा तालुका, इंग्रजी मुलूख आणि निजामी मुलूख यांच्या सीमेवरचा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो संग्रह आहे, तो पाहायला एक अख्खी दुपार राखून ठेवावी. पोपट, मोर, घोडा, आलिंगन दिलेले जोडपे. पितळेच्या दांड्यांवर कारागिराने मनसोक्त खेळ केला आहे. पण बघणाऱ्याची नजर बहुधा नक्षीवर थांबते. मी वाचकाला विनंती करीन की एकदा पात्याकडे पाहा. पितळ धार धरत नाही, म्हणून दांड्यात पोलादी पाते बसवलेले असते. तो जोड कुठे आहे, खिळा किती घट्ट आहे, पाते मिटताना खालच्या दांड्याला घासते की केसभर अंतरावरून जाते, यावर अडकित्त्याची किंमत ठरे. घासणारा अडकित्ता लवकर बोथट होतो. अंतर जास्त पडले तर सुपारी कातरली न जाता फुटते. चंचीतून अडकित्ता काढून माणूस गप्पा मारता मारता, हाताकडे न बघता रोठा सुपारीचे कागदासारखे पापुद्रे पाडत असे. ते त्या केसभर अंतरामुळे जमे.

दुसरा टिकला तो कोयता. त्याची कहाणी अभिमानाने सांगता येत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडायला माणसे आली ती मुख्यतः बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून. दिवाळीच्या आसपास गावे रिकामी होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, आणि नवरा-बायकोच्या त्या जोडीला हिशोबात ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे, चार हात, आणि वहीत नोंद एका हत्याराची. फडात पुरुष खालून सपकन तोडतो, बाई वाढे छाटते, पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. रोज पहाटे कानस फिरवावी लागते. कोयता जड असेल तर दुपारपर्यंत मनगट सुजते. फार हलका असेल तर जाड उसात अडकतो. म्हणून मजूर जाण्याआधी आपल्या गावच्या किंवा बाजारच्या लोहाराकडूनच कोयता घडवून घेतो, हातात धरून, हवेत फिरवून. कारखान्यात छापून काढलेले पाते त्याला चालत नाही. ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत, तरी अजून हा लोहार आणि हा मजूर एकमेकांना धरून आहेत. मराठवाड्यातली पाती घडवण्याची विद्या आज सर्वाधिक जिवंत आहे ती या सर्वांत कष्टाच्या धंद्याच्या आधाराने. पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण त्यामुळेच कोयत्याचे आहे.

आता आपल्या शहराकडे. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, मग वाळूज, पुढे शेंद्रा. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि हे शहर गाड्यांचे सुटे भाग बनवणारे शहर झाले. इथे साचे आणि डाय बनवणारे असे कारागीर आहेत की ते पोलादाच्या उष्णतेचा पावलापावलाचा हिशोब पायरोमीटरवर वाचतात. पण त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी भाता होता. आडनाव विचारले की कळते. आयटीआयमधून टर्नर, फिटर, टूल अँड डाय मेकर होऊन बाहेर पडलेल्या या मुलांनी आजोबांची विद्या सोडली असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. एका प्रेस टूलच्या धारेत आणि अडकित्त्याच्या धारेत केसभर अंतराचा तोच हिशोब आहे. फक्त त्या हिशोबाला आता मायक्रॉन म्हणतात, आणि पगार महिन्याला मिळतो. चाकूचा कारखाना या वसाहतींत नावारूपाला आला नाही, पण चाकूकाराचा हात इथे आला आणि राहिला.

जुन्या शहरात मात्र पाती अजून पाती म्हणूनच विकली जातात. विळी, सत्तूर, चांभाराची रापी, सुताराची पटाशी, विळे, खुरपी. दारोदार सायकल उभी करून, मागचे चाक फिरवत दगडावर ठिणग्या पाडणारा धारवाला मात्र दिसेनासा झाला आहे. स्टीलचा चाकू इतका स्वस्त झाला की लोक धार लावण्याऐवजी नवा घेतात.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. चाकू म्हटले की पोलिसांच्या बातमीची आठवण येते, आणि त्याला सिनेमाही कारण आहे. १९६५ च्या ‘वक्त’मधल्या राजकुमारच्या हातातला रामपुरी सगळ्यांना आठवतो. रामपूर हे खरे तर उत्तर प्रदेशातले कसबी कारागिरांचे गाव. पडद्याने त्याचे नाव गुंडगिरीला जोडून टाकले. आपल्या शस्त्र कायद्यात, म्हणजे १९५९ च्या कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते शस्त्र मानले गेले, पण घरगुती, शेतीची, शास्त्रीय व औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळली गेली. कायद्याने केलेला हा भेद शहाणपणाचा आहे. व्यवहारात मात्र बंदोबस्ताच्या दिवसांत बाजाराला चार कोयते घेऊन निघालेल्या घिसाड्यालाच आधी हटकले जाते. भटक्या माणसाकडे बिल नसते, दुकान नसते, आणि त्याच्या मालावर नावही नसते.

नांदेडची गोष्ट याच्या उलट आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी तिथे देह ठेवला. आजचे तख्त सचखंड श्री हजूर साहिब महाराजा रणजितसिंगांच्या काळात बांधले गेले. गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या दुकानांत कृपाणे मांडलेली असतात. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. धारेला मान मिळाला की कारागिराला गिऱ्हाईक मिळते आणि त्याची कला वाहती राहते, हे नांदेडात दिसते. शस्त्रांना जिल्हई देणारे शिकलगार या प्रदेशात पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांतल्या कित्येकांना पुढे किल्ल्या आणि कुलपांवर पोट भरावे लागले.

आता पुन्हा नावाकडे. झोलिंगेन हे नाव पात्यावर कोण टाकू शकतो, याचा जर्मनीत १९३८ पासून कायदा आहे. कच्छमध्ये रेहा गावचे चाकू आणि सुड्या, म्हणजे अडकित्ते, गावाच्या नावाने ओळखले जातात. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळवताना कोणीतरी गावे, माग, विणकर यांची कागदावर नोंद केली होती. पात्यांच्या बाबतीत ती पहिली नोंदच झालेली नाही. या पुस्तकात म्हणून प्रत्येक पात्याबरोबर गाव दिले आहे, शक्य तिथे वापरणाऱ्याने सांगितलेला उपयोग दिला आहे, आणि लांबी, रुंदी, पाठीची जाडी, खिळ्यांची संख्या मोजून दिली आहे. कारागिरांची नावे त्यांनी होकार दिला तिथेच दिली; काहींनी दिला नाही, आणि त्यांची कारणे मला रास्त वाटली.

वाचकांकडे एक काम सोपवतो. घरात जुना अडकित्ता, मिटणारा चाकू, वस्तरा किंवा विळीचे पाते असेल तर ते घासून लख्ख करू नका. पोलादावरचा काळपट थर राहू द्या. तो काढला की पात्याचे वय सांगणारी खूण जाते. खोबरेल तेलाचा एक हात पुरे. मुठीजवळ, जिथे पाते लाकडात किंवा पितळेत शिरते, तिथे भिंग लावून पाहा. एखादा ठिपका, चांदणी, तिरप्या रेघा असे काही ठोकलेले दिसले तर त्याचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. आणि ते कोणत्या बाजारातून, कोणाच्या हातून आले, हे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला या आठवड्यातच विचारून घ्या.